निफाडच्या बांधावरचा ‘व्होल’

द्राक्षबागेच्या बांधावर दिसलेला तो गोल तोंडाचा, आखूड शेपटीचा प्राणी व्होल (उंदराच्या नात्यातला छोटा कुरतडणारा प्राणी) असावा, असं एकाने म्हटलंय. फसायला होतं खरं, पण भारतातले व्होल हिमालयातले. रॉयलचा डोंगरी व्होल, म्हणजे अल्टिकोला रॉयली, हिमाचल-उत्तराखंडच्या उंचीवर राहतो. निफाडच्या उन्हात त्याचं काय काम! माझी पैज गोलुंडा इलियोटी या उंदरावर. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रेने १८३७ साली धारवाडच्या नमुन्यावरून वर्णन केलेला हा उंदीर, त्याच्या वंशात आज ही एकच जात उरलीय. केस राठ, पिवळट तपकिरी, आणि गवतातून बोगद्यासारख्या वाटा पाडतो.

गेल्या थंडीत आमच्या मळ्यातल्या पडक्या गोठ्यात गव्हाणी घुबडाने ओकलेले, न पचलेल्या हाडा-केसांचे गोळे सापडले. कोमट पाण्यात भिजवून सुईने सोडवले. त्यातल्या एका कवटीत वरच्या दोन्ही पटाशीच्या दातांवर उभी खाच होती, नखाला लागेल अशी; ही गोलुंडाची खूण. (जर्बिल या दुसऱ्या उंदरासारख्या प्राण्यालाही खाच असते, पण त्याच्या कानामागची हाडं फुगीर असतात. इथे तशी नव्हती.) दाढांवर उंचवट्यांच्या रांगा होत्या; व्होलच्या दाढेवर त्रिकोणांची नागमोडी नक्षी दिसते. पुन्हा दिसला तर शेपटीचा फोटो घ्या. गोलुंडाची धडापेक्षा थोडीच आखूड असते, गवतात अर्धी लपते इतकंच.