विषय: नववीला ‘स्पीच अँड डिबेट’ घेऊ द्यावं का?

प्रेषक: मेघना (फ्रिस्को)

नमस्कार मंडळी,

एरवी मी आपल्या टेक्ससच्या मराठी मंडळाच्या या ईमेल-यादीवर गणपतीच्या जेवणाला नावं द्यायला तेवढी उगवते. पण या आठवड्यात शाळेतून पुढच्या वर्षीच्या विषयनिवडीचा फॉर्म आलाय आणि आमच्या आठवीतल्या लेकीने ऐच्छिक विषयात ‘डिबेट १’ (भाषण-वादविवादाचा पहिल्या वर्षाचा वर्ग) वर खूण करून ठेवलीय. वर स्पर्धांना जाणाऱ्या शाळेच्या टीममध्येही जायचं म्हणते.

मला यातलं काही कळत नाही. शनिवारी तिचा कथ्थकचा क्लास असतो, त्याचं काय? शिवाय यूटी ऑस्टिनने (ऑस्टिनचं टेक्सस विद्यापीठ) शाळेतल्या क्रमांकावरून मिळणाऱ्या आपोआप प्रवेशाची मर्यादा आता पहिल्या ५ टक्क्यांवर आणलीय. असल्या वर्गाने तिचा क्रमांक खाली जाईल का? आणि मुलगी तशी अबोल आहे, पाहुणे आले की खोलीत जाऊन बसणारी. ती तिथे काय बोलणार?

शेजारच्या बाईंनी तर सांगितलं की आईवडिलांना परीक्षक म्हणून बसावं लागतं. मला घाम फुटला. या लोकांच्या मुलांना इंग्रजी भाषणाचे नंबर मी द्यायचे?

कुणाचा अनुभव असेल तर सांगा. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

मेघना

---

प्रेषक: श्रीकांत (प्लेनो)

मेघना,

आमची दोन्ही मुलं यातून गेली आणि मी अजूनही परीक्षक म्हणून जातो, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे.

आधी वर्ग आणि टीम या दोन गोष्टी वेगळ्या काढ. वर्ग म्हणजे रोजचा तास, त्याला गृहपाठ आणि मार्क. टीम म्हणजे शनिवार, आणि पुष्कळदा शुक्रवारची दुपारसुद्धा. काही शाळांत वर्गातल्या मुलांनाही सत्रात एखाद-दुसऱ्या स्पर्धेला जावंच लागतं, त्याचे मार्क धरतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे ते कोचला आत्ताच ईमेल करून विचार. कथ्थकच्या ताईंशी बोलायचं की नाही, ते त्या उत्तरावरून ठरेल.

टेक्ससमध्ये हे प्रकरण जुनं आहे. यूआयएल, जी आज फुटबॉलपासून बँडपर्यंत सगळ्या शालेय स्पर्धा चालवते, ती १९१० मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू झाली ती शाळांची वादविवाद संघटना म्हणून. (ऑफिसातल्या फुटबॉलवेड्यांना मी हे आवर्जून ऐकवतो. त्यांना ते आवडत नाही.) यूआयएलखेरीज टीएफए ही राज्याची वेगळी संघटना आहे आणि देशपातळीवर एनएसडीए. ही एनएसडीए १९२५ साली विस्कॉन्सिनमधल्या रिपन कॉलेजात निघाली, आता तिचं ऑफिस आयोवात आहे. मुलांच्या तोंडी ‘नॅशनल्स’ येईल तेव्हा ते बहुधा हिच्या जूनमधल्या स्पर्धेबद्दल बोलत असतात.

क्रमांकाचं म्हणशील तर पहिल्या वर्षाचा वर्ग साधारण ऑन-लेव्हल, म्हणजे नेहमीच्या पातळीचा असतो. पैकीच्या पैकी मिळाले तरी त्याला एपीचं (कॉलेजच्या पातळीचे वर्ग, त्यांचे मार्क क्रमांकात जास्त धरतात) वजन नाही. वरच्या वर्गांना कुठे ऑनर्सचं वजन देतात, कुठे नाही. तुमच्या शाळांच्या डिस्ट्रिक्टचा हिशोब काउन्सेलरकडून आकड्यांत माग. माझं मत विचारशील तर दशांशाच्या तिसऱ्या स्थळासाठी चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःहून केलेली खूण मी खोडणार नाही. एक नियम मात्र पाठ असू दे: एपी-ऑनर्सचे काही वर्ग सोडले तर कुठल्याही विषयात ७० च्या खाली गेली की स्पर्धा बंद. फुटबॉलच्या मुलांना लागू आहे तेच इथे.

आता अबोलपणाबद्दल. ‘स्पीच अँड डिबेट’ या नावाखाली डझनभर वेगळे प्रकार येतात आणि त्यातले बरेच अबोल मुलांनीच गाजवलेले मी पाहिलेत. ‘ओरिजिनल ओरेटरी’ म्हणजे स्वतः लिहिलेलं, पाठ केलेलं १० मिनिटांचं भाषण. दुसऱ्याचे शब्द त्यात १५० पेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे आपल्याकडे बाई लिहून द्यायच्या आणि आपण घोकायचो, तसं नाही. ‘एक्स्टेम्प’मध्ये चालू घडामोडींवरचे तीन प्रश्न पुढे येतात, एक निवडायचा, ३० मिनिटं तयारी आणि मग ७ मिनिटं कागदाशिवाय बोलायचं. पूर्वी मुलं मासिकांच्या कात्रणांची खोकी वाहून आणायची, आता लॅपटॉप. वर्तमानपत्र वाचणारी, मनात शंभर गोष्टी ठेवून गप्प बसणारी मुलं यात चमकतात. ‘पब्लिक फोरम’ हा दोघादोघांचा वाद. जोडीदार असल्यामुळे धीर येतो, आणि तो मुद्दाम सामान्य माणसाला कळेल असाच ठेवलेला प्रकार आहे.

आणि हो, त्या तुझ्या घामाबद्दल. शाळेने जितकी मुलं उतरवली त्या प्रमाणात परीक्षक आणावेच लागतात, नाही आणले तर दंड पडतो किंवा मुलांची नावं गळतात. त्यामुळे पालकांशिवाय हा गाडा चालतच नाही. काम काय? खोलीत सहा-सात मुलं असतात. एकेकाचं ऐकायचं, बोटांनी उरलेली मिनिटं दाखवायची आणि शेवटी १, २, ३ असे क्रमांक लावून प्रत्येकासाठी चार ओळी लिहायच्या. तुझे उच्चार कुणी तपासत नाही, तू बोलतच नसतेस. ‘मुद्दा दुसऱ्या मिनिटाला सुटला’, ‘शेवट घाईत झाला’ एवढं लिहिलंस तरी ते मूल घरी जाऊन चारदा वाचतं. मुलाला पाठवायचं असेल तर आपणही बसायचं, एवढंच माझं म्हणणं आहे. गाडीतून सोडून परत जाणाऱ्या पालकांना चार वर्षांनीही आपलं मूल तिथे काय करतं ते माहीत नसतं.

श्रीकांत

---

प्रेषक: अण्णा (सध्या मुक्काम मुलाकडे, प्लेनो)

चि. श्रीकांत व सौ. मेघना यांस अनेक आशीर्वाद.

नातवासोबत एक दिवस जाऊन आलो, म्हणून लिहितो. सातारा जिल्ह्यात मास्तरकीत हयात गेली, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षकपद पुष्कळ वेळा भूषवले. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ ऐकून कान किटलेले आहेत.

येथे पोहोचलो तर व्हरांड्यात पोरे कोट-टाय घालून भिंतीकडे तोंड करून हातवारे करीत बोलत होती. एक नव्हे, रांगच्या रांग. मला वाटले शिक्षा झाली आहे. नातू म्हणाला, आजोबा, ही प्रॅक्टिस. भिंत मध्येच उठून जात नाही.

दोन गोष्टी पटल्या नाहीत. एक, ना माईक, ना सभा. लहान वर्गखोलीत पाच-सहा प्रतिस्पर्धी आणि एक परीक्षक. वक्त्याला समुदाय लागतो. समोर हजार माणसे असली की जे अंगावर येते, ते येथे कधी कळणार? दुसरे, एका खोलीत वाद चालला होता तो मला एक अक्षर कळला नाही. श्वास न घेता, जात्यात धान्य ओतावे तशी वाक्ये पडत होती. यालाही वक्तृत्व म्हणतात म्हणे.

पटलेली गोष्ट अशी की हरलेल्यालाही कारण लेखी मिळते. आम्ही ढाल देत असू, टाळ्या होत, आणि बाकीची वीस मुले एस्टीने घरी जात. का हरलो, हे त्यांना कोणी सांगत नसे. नातवाचे ते कागद मी वाचले. एका परीक्षकाने पहिला नंबर दिला होता, त्याच भाषणाला दुसऱ्याने पाचवा. नातवाला विचारले, राग नाही आला? तर म्हणतो, दोघेही बरोबर असू शकतात.

अण्णा

---

प्रेषक: वैशाली (अॅलन)

मेघना, एक बाजू इथे कुणी लिहिली नाही म्हणून मी लिहिते.

अण्णांनी ऐकला त्या भराभर बोलण्याला ‘स्प्रेडिंग’ म्हणतात. मिनिटाला तीनशेच्या वर शब्द जातात. आमचा मुलगा ‘लिंकन-डग्लस’ या एकास-एक वादाच्या प्रकारात होता. १८५८ मध्ये इलिनॉयमध्ये लिंकन आणि डग्लस गुलामगिरीवर झुंजले, त्यावरून हे नाव. मूळ कल्पना मूल्यांवर शांतपणे वाद घालण्याची. वरच्या पातळीवर मात्र ती वेगाची आणि तांत्रिक डावपेचांची लढाई झालीय. उन्हाळ्यात कॅम्प हवा, त्याची फी हजारोंत. मग खासगी कोच. मग नोव्हेंबरात शिकागोजवळ ग्लेनब्रूक्सची स्पर्धा, फेब्रुवारीत हार्वर्डची किंवा बर्कलीची. एकदा त्या वर्तुळात शिरलं की आजूबाजूची मुलं जातात म्हणून आपणही जायचं. रविवारी रात्री अकराला विमानतळावरून घरी आणि सोमवारी केमिस्ट्रीची टेस्ट. दहावीच्या अखेरीस त्याने सोडलं आणि घरात सगळ्यांना झोप लागली.

तो वाईट वक्ता नव्हता. पण तिथे पैसा आणि वेळ असलेल्यांना पायघड्या आहेत, हे कुणी आधी सांगत नाही. लेकीला पाठव, पण मर्यादा आधीच घाला: महिन्यात किती शनिवार, आणि विमानप्रवास करायचा की नाही. नंतर घालायला गेलीस तर जमत नाही.

वैशाली

---

प्रेषक: ईशान (ऑस्टिन)

काका, काकू, अण्णा आजोबा, नमस्कार. आईने हा थ्रेड फॉरवर्ड केला. मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

वैशालीकाकूंचं डिबेटबद्दल बरोबर आहे. मी स्पीचच्या बाजूला होतो, तिथे जग थोडं वेगळं आहे. माझा इव्हेंट एचआय, म्हणजे ‘ह्युमरस इंटरप’. छापलेल्या एखाद्या मजकुरातून १० मिनिटांचा तुकडा कापायचा आणि एकट्याने सगळी पात्रं करायची. वेशभूषा नाही, प्रॉप्स नाहीत. मंडळाच्या गणपतीत तुम्ही मला आठ वर्षांचा असताना एकपात्री करायला उभं केलं होतं ना, तेच. नववीत कोचने विचारलं हे कुठे शिकलास, तेव्हा मला सांगता येईना.

लोक म्हणतात स्पीच बोलायला शिकवतं. बोलायला मिळतात ती दिवसभरात १०-१० मिनिटं, तीन फेऱ्या असतील तर अर्धा तास. उरलेला दिवस तुम्ही खोलीत बसून बाकीच्यांचं ऐकता. फोन बाहेर काढायचा नाही, चेहरा पाडायचा नाही, विनोद दहाव्यांदा ऐकला तरी हसायचं, कारण तुमच्या वेळी तेही हसणार असतात. अबोल मुलीला हे आधीपासूनच येत असेल.

एक सावधगिरी. ‘ड्रॅमॅटिक इंटरप’मध्ये (एचआयचाच गंभीर भाऊ) मृत्यू, अत्याचार, आत्महत्या असे विषय फार येतात, कारण ते जिंकतात असं सगळ्यांना वाटतं. चौदाव्या वर्षी दर शनिवारी तीन वेळा रडायचं, हे मला विचित्र वाटायचं. माझ्या टीममधल्या काही जणांना त्याचा त्रास झाला. मजकूर निवडताना घरी वाचून दाखवायला सांगा. त्यात लुडबूड काही नाही.

आणि कॉलेजसाठी करायचं असेल तर नको. लोक सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश केटांजी ब्राउन जॅक्सनचं उदाहरण देतात: मायामी पाल्मेटो हायस्कूलच्या टीममधून त्या हार्वर्डला स्पर्धेसाठी गेल्या, ते कॉलेज तिथे पाहिलं आणि पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचल्या. खरी गोष्ट आहे, पण प्रत्येक स्पर्धेच्या कॅफेटेरियात ती कुणाची तरी आई कुणाला तरी सांगत असते, आणि ते मूल त्या वेळी सेमीफायनलची यादी लागली का ते बघत असतं.

ईशान

---

प्रेषक: मेघना (फ्रिस्को)

सगळ्यांचे आभार. अण्णा, तुमचं पत्र लेकीला वाचून दाखवलं. भिंतीचा भाग तिला फार आवडला, तिने लगेच स्वयंपाकघराची भिंत ताब्यात घेतलीय.

कोचचं उत्तर आलं. वर्गाला सत्रात एकच स्पर्धा सक्तीची, बाकी टीमवाल्यांना. आम्ही घरी ठरवलं: पहिल्या वर्षी वर्ग, महिन्याला जास्तीत जास्त एक शनिवार, विमान नाही. कथ्थकच्या ताईंनी त्या आठवड्यापुरती रविवारची बॅच चालेल म्हटलं. तिला एक्स्टेम्प हवंय. रात्री जेवताना बाबाला ती आता तीन प्रश्न देते आणि एक निवड म्हणते. बाबा अर्धा तास मागतो, तो मात्र देत नाही.

काउन्सेलरने क्रमांकाचा आकडाही दिला. वैशाली, फोनवर सांगते, इथे लिहिलं तर उद्या पन्नास ईमेल येतील.

श्रीकांतदादा, परीक्षकाचं मात्र अजून पोटात गोळा आहे. एकदम कुणाच्या मुलाला सहावा नंबर द्यायचा म्हणजे...

मेघना

---

प्रेषक: श्रीकांत (प्लेनो)

अगं, कुणीतरी सहावं येणारच. फक्त का ते नीट लिही, आणि चांगलं काय होतं त्यापासून सुरुवात कर.

असं कर: टॅबरूम या वेबसाइटवर खातं उघड, बऱ्याच स्पर्धांचा कारभार तिथूनच चालतो. डिस्ट्रिक्टचा स्वयंसेवकाचा फॉर्म आत्ताच भर, पार्श्वभूमी तपासायला ते दिवस लावतात. पुढच्या शनिवारी मी प्लेनोत जातोय. आयोजकांना विचारून ठेवतो, माझ्या खोलीत मागे बसून नुसतं बघ, तूही मनात क्रमांक लाव आणि नंतर ताडून पाहू. लेकीलाही आण, फेऱ्या बघायला सहसा कुणी अडवत नाही. अण्णांना सोबत घेतोय, पण डिबेटच्या मजल्यावर नेणार नाही.

सकाळी सातला दारात. डबा आणू नकोस, परीक्षकांच्या खोलीत खायला भरपूर असतं. चहा मात्र थर्मासमध्ये आपला आपला.

श्रीकांत