ड्रीमकास्टमध्ये दम नव्हता म्हणे!

माळ्यावरचा_खोका: काल इथे एकाने लिहिलंय की सेगाचा गेम कन्सोल ड्रीमकास्ट अर्धकच्चा होता, सोनीच्या पीएस२ (प्लेस्टेशन २) समोर टिकायचा दम नव्हता म्हणून सेगा बुडाली. डोकंच फिरलं वाचून. अरे बाबा, ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत १९९ डॉलरला आला तेव्हा त्यात २०० मेगाहर्ट्झचा हिताची एसएच-४ प्रोसेसर, पॉवरव्हीआर ग्राफिक्स चिप आणि मोडेमसुद्धा आतच! पीएस२ तिथे यायला अजून वर्ष होतं. सोलकॅलिबर हा मारामारीचा गेम तर आर्केडपेक्षा घरच्या टीव्हीवर देखणा. आणि पॉवरव्हीआर जे झाकलं जाणार ते रंगवतच बसत नाही, फुकटची मेहनत वाचते. व्हिडिओ मेमरी ८ एमबी, पीएस२ ची ४. व्हीजीए केबलने कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर लावून बघा, मग बोला.

अर्धवट_इंजिनिअर: ती ४ एमबी चिपच्या पोटातली आहे, तिचा वेग बघ की जरा. मेन रॅम ३२, तुझ्या लाडक्याची १६. शिवाय डीव्हीडी! निम्म्या लोकांनी सिनेमे बघायलाच घेतला पीएस२. ड्रीमकास्टची डिस्क, जीडी-रॉम, जेमतेम १ जीबी.

लॅमिंग्टन_रिटर्न्स: हार्डवेअर गेलं खड्ड्यात, फुकट्यांनी मारला त्याला. मिल-सीडी नावाच्या गाण्यांच्या सीड्या चालाव्यात म्हणून पळवाट ठेवली, मग काय, कॉपी चालवायला आत बसवतात ती मॉडचिपपण नको, साध्या सीडीवर कॉपी मारा आणि खेळा.

एडिसनकर: मी तेव्हा इकडेच अमेरिकेत शिकत होतो. रूमवर एकजण रात्रभर सीड्या बर्न करायचा, ७०० एमबीत बसावं म्हणून व्हिडिओ नि गाणी पार खरवडून काढलेली, आवाज डब्यातून आल्यासारखा. पण आम्ही तसेही विकत घेणार नव्हतोच, भाड्याची मारामार होती.

लॅमिंग्टन_रिटर्न्स: वा वा, चोरी ती चोरी आणि वर गरिबीचं रडगाणं. अमेरिकेला जायला पैसे होते!

एडिसनकर: शैक्षणिक कर्ज होतं रे शहाण्या. तुझ्याकडच्या विंडोजची पावती दाखव आधी.

तुषार_नाही_तो_दुसरा: भांडण चालू द्या, आमचा तर गेमच सुरू झाला नाही. मामाने तिकडून आणला, दादाने उत्साहात सरळ भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला. फट्ट. जळका वास आणि आईच्या शिव्या.

अर्धवट_इंजिनिअर: अरे व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा ना! सप्लाय आतच असतो त्याचा, ११० वाला.

माळ्यावरचा_खोका: विषयावर या. पायरसीने मरायचं तर पीएस१ आधी मेला असता, त्याच्या कॉप्या कुठे मिळत नव्हत्या? सेगाची पत आधीच गेलेली. आधीच्या कन्सोलला जोडायचं ३२एक्स घेणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं, १९९५ मध्ये सॅटर्न कन्सोल न सांगता अचानक विकायला काढला, ज्या दुकानांना माल दिला नाही ती खवळली. वर ईए या बड्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी एक गेम काढला नाही. यात चिपचा काय दोष?

लॅमिंग्टन_रिटर्न्स: म्हणजे चोर सगळे साधूसंत. चालू द्या.

अर्धवट_इंजिनिअर: बरं बाबा, पीएस२ च्या सुरुवातीच्या गेमच्या कडा करवतीसारख्या दिसायच्या, चित्र तुझंच स्वच्छ. खूश? ड्रीमकास्ट विकले ९० लाखांच्या आसपास, पीएस२ १५ कोटींच्या वर. ते चित्र फ्रेम करून लाव.

माळ्यावरचा_खोका: खपाचं कोण बोलत होतं? दम होता की नाही एवढंच सांग.