फुटबॉलचा खर्च कुणाच्या फीमधून? अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडा विभागांबद्दल चर्चा

ओसरीवरून (धागाकर्ता)

मुलगी इथल्या एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाचं नाव देत नाही. परवा जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही दोघांनी तिचं फीचं बिल ओळीओळीने वाचलं. ट्यूशन, आरोग्य, बस आणि त्याखाली ‘क्रीडा शुल्क’. ही रक्कम बसच्या पैशांपेक्षा कितीतरी मोठी. ती आजवर एकाही सामन्याला गेलेली नाही, कारण शनिवारी ती ग्रंथालयाच्या काउंटरवर कामाला असते. मी एकदा गेलो होतो. तिसऱ्या क्वार्टरला अर्धी बाकं रिकामी होती.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पैसा आहे, यात वाद नाही. २०२२ मध्ये बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या क्रीडागटाने टीव्ही वाहिन्यांशी केलेला करार सात वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरहून मोठा आहे. पण अशा दुभत्या गाई मोजक्याच. बाकीची विद्यापीठं त्यांच्यामागे धावतात आणि दम लागला की विद्यार्थ्यांच्या खिशात हात घालतात. त्यात एका न्यायालयीन तडजोडीमुळे जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा एका विद्यापीठाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. सक्ती नाही, पण जो देणार नाही त्याचे खेळाडू दुसरा पळवणार.

खेळाडूंना पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे, ते घाम गाळतात. माझा प्रश्न एवढाच, की जो संघ स्वतःच्या पायावर उभा नाही, त्याचा खर्च न विचारता माझ्या मुलीच्या बिलात का?

कोलंबसकर

साफ असहमत. मी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गावात, कोलंबसला, सोळा वर्षं राहतो. इथे विद्यापीठाचे ३६ खेळ आहेत. तलवारबाजी, नौकानयन, नेमबाजी. त्यांची तिकिटं कोण विकत घेतं? त्यांचे प्रशिक्षक, प्रवास, शिष्यवृत्त्या, सगळं मुख्यतः फुटबॉलच्या जिवावर चालतं. घरातला कमावता भाऊ आहे तो, त्याला चार घास जास्त वाढले तर बिघडलं कुठे?

आणि पैशाच्या पलीकडेही काही आहे. बँड मैदानावर ‘ओहायो’ ही इंग्रजी अक्षरं चालत चालत काढतो आणि शेवटी सूझाफोन हे मोठं पितळी वाद्य वाजवणारा एकजण पुढे येऊन ‘आय’वरचा ठिपका होतो. मागच्या मोसमात माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्या क्षणी त्यांनी टोपी काढली आणि डोळे पुसले. लाखभर माणसं एका वेळी उभी राहतात. हे गाव त्या विद्यापीठाला आपलं मानतं ते त्या शनिवारांमुळे, प्रयोगशाळांमुळे नव्हे.

निळं_पाणी

कमावता भाऊ मान्य. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षात त्याच ओहायो स्टेटच्या क्रीडा विभागाला सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलरची तूट आली, हेही लिहा ना. त्या मोसमात घरच्या मैदानावर सहाच सामने होते. एकदोन सामने कमी झाले तर एवढा फरक पडत असेल, तर खर्च किती ताणून ठेवलाय बघा. आणि हे सगळ्यात श्रीमंतांपैकी एक घर आहे.

माझी लेक जलतरणपटू. पहाटे साडेचारला उठवून, केस ओले असतानाच गाडीत डबा खायला घालून तिला वाढवलंय. म्हणून मार्च २०२५ ची बातमी मला लागली. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने पोहणं आणि डायव्हिंग, मुलांचं आणि मुलींचं, दोन्ही बंद केलं. कारणांमध्ये खेळाडूंना पैसे देण्याच्या त्याच न्यायालयीन तडजोडीचा उल्लेख होता. हात आखडायची वेळ आली की कुऱ्हाड आधी पाण्यातल्या पोरांवर पडते. कमावता भाऊ ताटावर बसलेला आणि धाकटी उपाशी, असं घर कसं चालायचं?

हंट्सव्हिलकर

तुमचं दुःख खरं आहे ताई, पण गुंतवणूक म्हणून बघा. फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन २००७ मध्ये अलाबामा विद्यापीठात आले, २००९ ते २०२० मध्ये सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळाली. आज तिथे निम्म्याहून अधिक विद्यार्थी बाहेरच्या राज्यांतले आहेत आणि ते जास्त फी भरतात. विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्त्या देऊन ओढलं हेही खरं, पण त्या मुलांनी नाव पहिल्यांदा ऐकलं ते फुटबॉलमुळेच. आमच्या ऑफिसात शिकागोकडून आलेली दोन मुलं अशीच इथे शिकली आणि इथेच राहिली.

आणि बर्मिंगहॅमचं उदाहरण विसरू नका. डिसेंबर २०१४ मध्ये यूएबीने, म्हणजे तिथल्या अलाबामा विद्यापीठाने, परवडत नाही म्हणून फुटबॉल बंद केला. शहर पेटून उठलं, उद्योजकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पैसे उभे केले, जून २०१५ मध्ये निर्णय फिरवावा लागला. २०१७ मध्ये संघ परत मैदानात आणि २०१८ मध्ये गटाचं विजेतेपद. बंद करणं सोपं असतं, पण बंद केल्यावर काय गेलं ते कळतं.

सदाशिव_पेठ_ते_शिकागो

शिकागो विद्यापीठाचं बघा की. विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची पहिली हाइसमन ट्रॉफी १९३५ साली तिथल्याच जे बर्वँगरला मिळाली. १९३९ मध्ये अध्यक्ष हचिन्स यांनी वरच्या पातळीवरचा फुटबॉल बंद केला. विद्यापीठाचं काय वाईट झालं? १९६९ मध्ये लहान पातळीवर खेळ परत आला, आजही मुलं आनंदाने खेळतात.

कोलंबसकर

शिकागोकडे तेव्हाही रॉकफेलरचा पैसा होता. खेड्यातल्या सरकारी विद्यापीठाला ते जमणार नाही. इंडियानाचा संघ २०२३ ला तीन सामने जिंकला, नवा प्रशिक्षक आणला, पैसे लावले, २०२४ ला अकरा जिंकून राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेला. पैसे लावल्याशिवाय झालं असतं?

ओसरीवरून

इंडियाना जिंकलं, आनंद आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने प्रशिक्षक जिंबो फिशर यांना काढलं आणि करारापोटी त्यांचं सुमारे साडेसात कोटी डॉलरचं देणं लागू झालं. काम थांबवण्याचे साडेसात कोटी! तो पैसा सरकारचा नाही, क्रीडा विभागाचा आणि देणगीदारांचा, हे मला माहीत आहे. त्यांनी खुशाल द्यावा. पण तसला करार बघून लहान विद्यापीठंही ऐपतीबाहेरचे करार करतात, आणि त्यांच्याकडे तेलवाले देणगीदार नसतात, त्यांच्याकडे माझी मुलगी असते.

हंट्सव्हिलकर, बर्मिंगहॅमची गोष्ट तुम्ही माझ्याच बाजूने सांगितलीत. तिथे ज्यांना संघ हवा होता त्यांनी पुढे येऊन खिशातून पैसे काढले.

निळं_पाणी ताई, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी विद्यार्थी परिषदेत ठराव मांडणार आहेत. क्रीडा शुल्कातले फुटबॉलचे किती आणि बाकी खेळांचे किती, ते बिलावर वेगवेगळं छापा, आणि फुटबॉलचा आकडा वाढवायचा असेल तर आधी विद्यार्थ्यांचं मतदान घ्या. मसुदा काल रात्री अकरापर्यंत त्याच जेवणाच्या टेबलावर लिहीत होत्या. पोहण्याच्या संघातली एक मुलगी सही करायला तयार आहे. फुटबॉल संघातल्या एका मुलानेही मसुदा वाचायला मागितलाय.