तेल लावूनही पावसाळ्यात नळीला आतून गंज (दुनळी आणि ठासणीची, दोन्हीला)

आंबेबाग

नमस्कार मंडळी. शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची दोन हत्यारं आहेत. एक बारा बोअरची घोड्यांची दुनळी, ६५ मिमी चेंबर (काडतूस बसायची जागा). दुसरी केपेची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू भरून केपेने पेटवायची. घर देवगडच्या खाडीला लागून. वापरानंतर दोन्ही नळ्या रॉकेलने पुसतो, शिलाई मशीनचं तेल फिरवतो आणि कॅनव्हासच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो. श्रावणात गज फिरवला की चिंधीवर तांबूस भुकटी येते. ठासणीच्या नळीत ती तळाशी, निपलजवळ (केप बसवायच्या बोंडाजवळ) सर्वांत जास्त असते. दुनळीच्या उजव्या चेंबरमधून रिकामं काडतूस ओढताना अडतं.

अमेरिकेत काउबॉय ॲक्शन शूटिंगवाले (जुन्या धाटणीच्या बंदुकांनी स्पर्धा खेळणारे) काळ्या दारूच्या बंदुका चक्क पाण्याने धुतात असं वाचलं. आपल्या हवेत नळीत पाणी घालणं बरोबर आहे का? ते लोक काडतुसंही घरी भरतात. माझ्याकडे कागदी काडतुसं फुगून चेंबरला लागेनाशी झाली आहेत, ती सुकवून किंवा नव्याने भरून चालतील का? निवडणुकीला बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतील, त्याआधी काय करावं तेही सांगा.

गज_आणि_चिंधी

आंबेबाग भाऊ, पाण्याने धुणं बरोबरच आहे. चूक रॉकेलची आहे.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. बार झाला की मागे पोटॅशियमचे क्षार उरतात. त्यातला पोटॅशियम कार्बोनेट हवेत ४३ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की पाणी ओढून स्वतःच विरघळतो. खाडीकाठी हवा त्याहून कोरडी किती दिवस असते? म्हणजे तुमच्या नळीतली राख जवळजवळ वर्षभर ओली राहते. साधं खाऱ्या वाऱ्याचं मीठसुद्धा ७५ टक्क्यांला पाझरतं. जुन्या पद्धतीच्या केपेत पोटॅशियम क्लोरेट असेल तर तिचा क्षार क्लोराइडचा, मिठाचाच भाऊ. यातलं काहीही रॉकेलमध्ये किंवा तेलात विरघळत नाही. वर तेल फिरवलं की मीठ तेलाखाली झाकलं जातं आणि गंज निवांत चालू राहतो. आधी मीठ काढा, मग तेल.

सर्वांत आधी नळी रिकामी आहे याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत डोळ्याने काही कळत नाही. गज आत सोडून तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघा. गजाचं टोक निपलच्या भोकापर्यंत पोचलं पाहिजे. चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार भरलेला आहे. मग पुढचं काही करू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या. हा गज रिकाम्या नळीत एकदा घालून तोंडाशी कायमची खाच पाडून ठेवली की दर वेळी अंदाज करावा लागत नाही.

नळी दस्त्यातून सुटत असेल तर सोडवा, निपल काढा. बादलीत हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब. नळीची मागची बाजू त्यात बुडवायची आणि गजाला घट्ट चिंधी लावून पंपासारखं वर-खाली करायचं. निपलच्या भोकातून पाणी आत खेचलं जातं आणि काळं होऊन बाहेर पडतं. काळं येणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा, दोन-तीन बादल्या लागतात. शेवटचं पाणी बिनसाबणाचं. उकळतं पाणी नको. नळी लवकर वाळते खरी, पण आपल्या हवेत वाळता वाळता आतून नारिंगी पापुद्रा चढतो. निपलचं भोक बारीक तारेने साफ करा आणि आट्यांना किंचित ग्रीस लावून बसवा. निपलजवळ तुम्हाला जास्त गंज दिसतो, कारण तिथे चिंधी पोचत नाही, फक्त पाणी पोचतं.

मग कोरड्या चिंध्या, एकीवरही ओल दिसेनाशी होईपर्यंत. आठ-दहा तरी जातात. बारा बोअरची नळी साधारण १८.५ मिमी, तिला जुन्या पंचाचा ७-८ सेंमी चौकोन बरोबर बसतो. तेल लगेच, त्याच बैठकीत. दुसऱ्या दिवशी आणखी एक चिंधी फिरवा. तांबूस आली तर राख राहिली होती, परत धुवा.

बारा_बोअर_रत्नागिरी

दुनळीपुरतं सांगतो.

तिच्यात बिनधुराच्या दारूची काडतुसं वापरत असाल तर बादलीची गरज नाही. फॉस्फर ब्राँझचा ब्रश, सॉल्व्हंट, दहा मिनिटं थांबून पुन्हा ब्रश, मग चिंध्या. छऱ्याच्या शिशाच्या राखाडी रेघा चेंबरच्या पुढे हातभर जागेत असतात, तिथे ब्रश जास्त चालवा. शिशाखाली ओल अडकते.

चेंबरमध्ये काडतूस अडतं त्याला बहुधा खड्डे पडलेत. बाहेर आलेलं रिकामं काडतूस नीट बघा. पितळेवर लांबट ओरखडा एकाच बाजूला उठत असेल तर खड्डा बरोबर त्या रेषेत आहे. लाकडी दांडीला चार शून्यांची (सर्वांत बारीक) स्टील वुल आणि तेल लावून हाताने फिरवा. एमरी पेपर नको, ड्रिलला लावून तर मुळीच नको, कारण चेंबर मोठं झालं की पितळ फुगून जास्तच अडेल. हाताने घासूनही फरक पडला नाही तर कारागिराकडे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे हत्यार दुरुस्तीलाही परवाना लागतो, तेव्हा गावातल्या लेथवाल्याकडे नेऊ नका.

त्याच कलमात काडतुसं बनवणंही येतं. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, आपल्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यात ते बसत नाही. फुगलेली कागदी काडतुसं उन्हात किंवा चुलीजवळ सुकवून वापरू नका. कागद परत बसला तरी आतली दारू आणि केप सादळलेली असते. असा फुसका बार लागला की डाट (दारू आणि छऱ्यांमधला बोळा) नळीत अर्ध्यावर अडकतो, आवाज नेहमीपेक्षा बसका येतो, आणि वरून दुसरा बार काढला की नळी फुगते किंवा फाटते. आवाज वेगळा आला की थांबा, बंदूक उघडा, नळीतून आरपार उजेड बघा. चाप ओढूनही बार उडाला नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच उघडा. खराब काडतुसं विक्रेत्याला विचारून परत करा. प्लास्टिकची घ्या, आणि त्यांच्यावर गंजाचा स्प्रे मारू नका. तेल केपेच्या कडेने आत झिरपतं.

घेताना ६५ मिमीचीच घ्या. ७० मिमीचं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये सहज बसतं, म्हणून लोक फसतात. ते माप बार झाल्यावर उघडलेल्या नळकांड्याचं असतं. तोंड उघडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो.

घोड्याच्या बंदुकीत केपेवर आपटणाऱ्या पिना बोटाने दाबून बघा, दाब काढताच मागे आल्या पाहिजेत. गंजून पुढे अडकलेली पिन बंदूक मिटतानाच बार काढू शकते.

खाडीकाठ

जमा करायच्या बंदुकीबद्दल. तिथे किती दिवस राहील आणि कशाला टेकून राहील हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे पातळ तेलावर भिस्त ठेवू नका. शिलाई मशीनचं तेल चार-सहा आठवड्यांत ओघळून जातं. नळी धुऊन-पुसून पूर्ण कोरडी केल्यावर आत-बाहेर साधं व्हॅसलीन किंवा पातळ ग्रीस, बोट फिरवलं तर ठसा दिसेल इतकंच. चापाच्या कडीला चिठ्ठी बांधा: ‘नळीत ग्रीस आहे, बार काढण्याआधी पुसणे’. जाड ग्रीस तसंच ठेवून बार काढला तर नळीला धोका असतो. शक्य असेल तर बाहेरून व्हीसीआय कागद (गंज रोखणारा कागद) गुंडाळा, मशीनचे सुटे भाग पॅक करणाऱ्यांकडे मिळतो. तोंडात लाकडी बूच किंवा चिंधीचा बोळा कोंबू नका. आत ओल कोंडते, आणि तो काढायचा राहिला तर नळी फाटेल. कुंभारीण माशी आत मातीचं घर करते म्हणून बोळा घालतात, त्यापेक्षा तोंडावर विरळ कापड दोऱ्याने बांधा. परत आल्यावर नळीतून आरपार बघितल्याशिवाय काडतूस घालायचं नाही. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, नळीच्या आतला फोटोही काढून ठेवा.

घरात कॅनव्हासची पिशवी आजच बंद करा. ती ओल धरते. चुलीवरच्या माळ्यावरही नको. तिथे कोरडं असतं, पण लाकडाचा धूर आंबट असतो आणि काजळीखाली लोखंड खातो. रबरी पट्टीचं झाकण असलेली पेटी आणि पाव किलो निळं सिलिका जेल पुरे. गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास, पुन्हा निळं होतं.

आंबेबाग

मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ होतं, त्याने नळी धुतली तर? आणि दस्त्याला आम्ही खोबरेल लावतो, तेच नळीलाही लावलेलं चालेल का?

गज_आणि_चिंधी

मचूळ पाणी नकोच, म्हणजे मीठ काढायला मीठच घातल्यासारखं. बादल्या नळाच्या गोड्या पाण्याच्या घ्या आणि शेवटचा एक लिटर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. बाटलीवर नीट वाचून घ्या, बॅटरीचं ॲसिडही त्याच दुकानात तशाच बाटलीत मिळतं. पागोळ्यांचं पाणी धरायचं तर पहिल्या दोन-तीन सरींचं सोडून द्या, कौलांवर वर्षभराचा खारा वारा बसलेला असतो.

खोबरेल लोखंडाला नको. ते खवट होतं, म्हणजे त्यात आम्ल तयार होतं, आणि चापाच्या आत गोंदासारखं चिकटतं. दस्त्यालाही ते कधी सुकत नाही, लाकूड तेलकट तेवढं राहतं. त्याला उकळलेलं जवसाचं तेल, तळहाताने चोळून अगदी पातळ हात, दोन हातांत एक दिवस सोडून, असे तीन-चार. त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

आणि बंदूक तोंड खाली करून उभी ठेवा, तोंडाखाली जाड कापड. दस्ता खाली असला की नळीतलं तेल ओघळून लॉकच्या (चाप-घोड्याच्या यंत्रणेच्या) मागच्या लाकडात मुरतं. तिथे लाकूड काळं पडून मऊ झालेलं दिसत असेल तर फोटो टाका, चीर गेली आहे का ते बघून सांगतो.