मदत हवी आहे: बिल्डिंग रिपेअर की रिडेव्हलपमेंट? रविवारी मीटिंग आहे, लवकर सांगा

चौथा_मजला: रिपेअरला घरटी पावणेदोन लाख मागतायत, अर्धी बिल्डिंग म्हणते पैसे कशाला घालायचे, पाडूनच टाकू. काल आई कणीक मळत होती, स्लॅबचा पोपडा थेट परातीत. काय करावं?

खडूसकाका: बिल्डिंग कुठली, किती सालची, स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, झाली का? आम्ही काय कुडमुडे जोशी आहोत?

चौथा_मजला: सॉरी काका. डोंबिवली पूर्व, १९८९ ची, तळ अधिक चार. ऑडिट झालंय, सी२बी आलंय.

गच्चीवाला: मग पाडायचं कशाला? सी१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी२ए म्हणजे घरं रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी२बी म्हणजे राहता राहता दुरुस्ती. आम्ही कॉलमना जॅकेटिंग केलं, म्हणजे बाहेरून सळई-काँक्रीटचा नवा थर, ठणठणीत आहे.

मीनू_ठाणे: ठणठणीत म्हणे. आमच्याकडे सळईचा गंज न काढताच वर पॉलिमर मॉर्टर थापलं, तिसऱ्या पावसाळ्यात फुगून बाहेर, नखाने खरवडलं तरी सळईचे पापुद्रे निघत होते. ऑडिटमध्ये हाफ सेल (सळईच्या गंजाची) आणि कोअर टेस्ट (काँक्रीटचा नमुना काढून ताकदीची) होती का बघ, नुसता हातोडा मारून कळत नाही.

गच्चीवाला: तो कंत्राटदाराचा दोष, पद्धतीचा नाही!

मीनू_ठाणे: पैसे आमचे गेले ना पण.

पागडीवाला: म्हाडाच्या रिपेअर बोर्डाकडे अर्ज करा, आमचं तिथूनच झालं.

खडूसकाका: अहो ते मुंबई शहरातल्या सेसवाल्या, म्हणजे दुरुस्ती कर भरणाऱ्या जुन्या बिल्डिंगींसाठी, हा डोंबिवलीत राहतो. बरं, कन्व्हेयन्स झालंय का?

चौथा_मजला: नाही, जमीन जुन्या मालकाच्याच नावावर आहे. त्याने काही फरक पडतो का?

खडूसकाका: हे आत्ता सांगतोयस? मग पाडायच्या गप्पा मारणाऱ्यांना आधी डीम्ड कन्व्हेयन्सच्या कामाला लावा, म्हणजे मालक आला नाही तरी सरकारदरबारी जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायची. शिवाय २०१९ च्या जीआरप्रमाणे (सरकारी आदेश) रिडेव्हलपमेंटच्या सभेला दोन तृतीयांश कोरम आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि तुमच्यात तर अर्धे-अर्धे. हे सगळं होईपर्यंत स्लॅब थांबणारे का? रिपेअर करून घ्या गुपचूप.

मीनू_ठाणे: एक मिनिट, चौथा मजला म्हणजे गच्चीखालीच की तुम्ही! वर पाणी साचतं का?

चौथा_मजला: साचत नाही. म्हणजे, आईच्या कुंड्या आहेत. बावीस. रोज दोनदा पाणी.

खडूसकाका: 🤦

पागडीवाला: गवती चहा आहे का त्यात? माझा सारखा जळतो.