एल्कसाठी गोळी बाँडेड घेऊ का पूर्ण तांब्याची?

रानवाट३०६: मंडळी, रायफल थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६ काडतुसाची) आहे, हरणावर आत्तापर्यंत साधी कप-अँड-कोअर गोळी (तांब्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे कवचात, नुसतं शिसं), १८० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वापरली, कधी तक्रार नाही. आता पहिल्यांदा एल्कच्या (अमेरिकेतलं दांडगं हरीण) शिकारीला जायचंय तर जो तो वेगळंच सांगतोय, एक म्हणतो बाँडेड घे, दुसरा म्हणतो शिसंच सोड, तिसरा म्हणतो पार्टिशन सोडून बाकी सगळा जाहिरातीचा खेळ. शॉट ३०० यार्डाच्या आतच घेणार. नेमका फरक काय पडतो ते सांगा ना कोणीतरी.

जुनाबोल्ट: मझलचा, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला वेग जरा बाजूला ठेव, लागताना वेग किती असेल ते बघ. तुझी १८० ग्रेन साधारण २७०० एफपीएसने (सेकंदाला फूट) निघते, एल्क ४० यार्डावर उभा राहिला आणि गोळी खांद्याच्या हाडावर बसली तर जवळजवळ तेवढ्याच वेगात बसणार. तिथे साध्या गोळीचं जॅकेट सोलून निघू शकतं, शिसं पसरतं आणि फुफ्फुसापर्यंत पोचायच्या आतच दम संपतो. तीच गोळी २५० यार्डावर एकदम मस्त काम करेल, म्हणून तर तुला कधी तक्रार आली नाही. पार्टिशन निघाली ती ह्याच रडगाण्यातून, १९४६ मध्ये जॉन नॉसलर नावाच्या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कहून मोठं हरीण) फुटून गेल्या आणि त्याने मधे तांब्याची भिंत घालून शिशाचे दोन कप्पे केले. पुढचा कप्पा उघडतो, बराचसा झडतो, मागचा तसाच आत घुसत राहतो. बाँडेडमध्ये भिंत नाही पण शिसं जॅकेटला पक्कं चिकटवलेलं असतं, अ‍ॅक्युबाँड त्यातलीच. स्विफ्ट ए-फ्रेममध्ये दोन्ही आहे, भिंत पण आणि बाँडिंग पण.

तांबट: मी तांब्याचाच माणूस, बार्न्सची टीटीएसएक्स, अख्खी तांब्याची गोळी. टोकात पोकळी असते, आत गेल्यावर चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळपास सगळं टिकतं, त्यामुळे १८० चा हट्ट सोड, १६५ किंवा १६८ पुरे. तांबं शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, जास्त जड घेतलीस तर काडतुसातली जागा खाते आणि ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ) पण जास्त लागतो. घरी काडतुसं लोड करत असशील तर गोळी रायफलिंगपासून (त्याच खाचा) ५० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे बसवून सुरुवात कर, खाचांना टेकवून बसवू नकोस. आणि मांसात शिशाचे बारीक कण राहत नाहीत हा फायदा वेगळाच. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही, तेव्हा जिथे जातोयस तिथला नियम आधी बघ.

सावकाश_बाबा: तांबटराव, पूर्ण सांगा की. वेग १८०० ते २००० च्या खाली गेला की ह्या पाकळ्या नीट उघडतीलच असं नाही, मग पेन्सिलीएवढं भोक पाडून गोळी पार निघून जाते. वेग पुरेसा असला तरी खांद्यामागे नुसत्या बरगड्यांतून गेली तर जनावर बरंच पळू शकतं आणि रक्ताचा माग पातळ. वजन ९९ टक्के टिकलं म्हणून कोणी लवकर मरत नाही हो, शिशाचे झडलेले तुकडे पण फुफ्फुस फाडतातच. तांबं वापरायचं तर खांद्यावर हाडात मारा, ते तिथलंच हत्यार आहे. ईएलडी-एक्सच्या (हॉर्नडीची लांब पल्ल्याची गोळी) नादी मात्र लागू नकोस रानवाट, लांबवर कमी वेगात उघडायला ती छान, पण ४० यार्डावर खांद्यात मी तरी घालणार नाही.

तांबट: ३०० यार्डाच्या आत थर्टी-ओ-सिक्सचा वेग २००० च्या वरच राहतो बाबा, त्याला पाकळ्यांची कसली काळजी. खांद्याचं मात्र मान्य.

रानवाट३०६: म्हणजे पहिल्या वर्षी बाँडेड १८० बरी वाटतेय, शॉट जवळचा आला काय नि लांबचा आला काय. तांब्याचा पण एक बॉक्स आणतो, ग्रुप (लागोपाठच्या गोळ्या किती जवळजवळ लागतात) कसा पडतो बघू.

जुनाबोल्ट: बघ, पण दोन्हीच्या मधे बॅरल घासून तांब्याचा थर पूर्ण काढ, नाहीतर ग्रुप फाकला की उगाच गोळीला शिव्या घालशील. आणि थंड बॅरलची पहिली गोळी कुठे जाते ते वेगळं लिहून ठेव.