फायरआबेंट : रोज कसला सोहळा?

हॅम्बुर्गला येऊन दोनच महिने झालेत. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या बाई निघताना हसून म्हणाल्या, "शोनन फायरआबेंट!" मला नुसतं 'फायर' ऐकू आलं नि धस्स झालं, म्हटलं नोकरी गेली की काय. आता कळलंय की जर्मनमध्ये काम सुटलं की असं म्हणतात, पण फायर म्हणजे सोहळा, आबेंट म्हणजे संध्याकाळ, मग हे लोक रोज कसला सोहळा करतात? बिअरचा?

– बिअरचाही, फायरआबेंटबिअर असा शब्दच आहे :) पण मुळात तो सणाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होता. तुमच्याकडे उत्तरेत शनिवारला झॉनआबेंट म्हणतात ना, म्हणजे रविवारची आदली संध्याकाळ, आणि 24 डिसेंबर तो हायलिगआबेंट, तसंच हे. आपली 'पूर्वसंध्या' बघा, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला सकाळी अकराला कार्यक्रम ठेवला तरी कोणाला खटकत नाही.

– बरोबर, पण खरी गंमत 'फायर'मध्ये आहे. लॅटिन 'फेरिए' म्हणजे सणाचे, कामबंदीचे दिवस, त्यातूनच हा आला आणि शाळेच्या सुट्टीचा 'फेरिएन'पण. त्यामुळे 'फायर्न' (साजरं करणं) या क्रियापदाचा जुना अर्थ नाचणंगाणं नाही, काम न करणं. सोळाव्या शतकात कारागिरांच्या बोलीत फायरआबेंट म्हणजे रोजचं काम संपणं असं झालं, सणबिण गळून गेला. हा जुना अर्थ अजून 'क्रांकफायर्न'मध्ये सापडतो, शब्दशः 'आजारी सोहळा', म्हणजे आजारपणाची रजा, आणि बऱ्याचदा खोटी :D

– म्हणजे आपलं 'ऑफिस सुटलं'?

– जवळपास, पण 'सुटलं' हे क्रियापद झालं, यांच्याकडे ते नाम आहे, त्यामुळे त्याला शुभेच्छा देता येतात, 'शुभ सुटणं' कसं म्हणणार! रात्रपाळीवाला सकाळी सहाला घरी निघाला तरी त्याचा फायरआबेंटच. पोरं फार दंगा करायला लागली की आई ओरडते, "आता फायरआबेंट!", म्हणजे पुरे झालं. पूर्व जर्मनीत तर वृद्धाश्रमाला फायरआबेंटहाइम म्हणायचे, आयुष्यभराचं काम सुटल्यावर राहायचं घर. मला हे गोड वाटतं, माझ्या बायकोला भयंकर.

– मी वहिनींच्या बाजूने.

– धन्यवाद मंडळी. उद्या त्या बाईंच्या आधी मीच म्हणतो. पण मी दुपारी तीनलाच निघतो, तेव्हा चालेल का?

– चालेल की, बाकीचे जळतील फक्त.